भूक कमी करण्यासाठी मिळालेला निधी: कुठे घालायचा, कसा फिरवायचा, कुठे बुडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. साधारण दोनशे घरांची वस्ती आहे. स्थानिक गटाला धान्य बँक, घरोघरी भाजीचे वाफे आणि आठवड्यातून तीन दिवस सामुदायिक स्वयंपाकघर सुरू करायचं आहे. त्यासाठी एका देणगीदार संस्थेकडे तीन वर्षांचं अनुदान मागायचं आहे. अंदाजपत्रक कसं मांडावं, अर्जात काय लिहावं, आणि तीन वर्षांनी पैसा थांबला की काय करावं?

शेवटच्या भागाला आधी हात घालतो, कारण अंदाजपत्रकाचा सांगाडा त्यावरच ठरतो. तुमच्या तिन्ही कामांत पैसा वेगवेगळ्या पद्धतीने वागतो. धान्य बँकेतला पैसा फिरतो: टंचाईत धान्य उसनं जातं, सुगीला थोडं जास्त होऊन परत येतं. स्वयंपाकघरातला पैसा खाल्ला जातो, आणि तो खाल्ला जावा यासाठीच दिलेला असतो. भाजीच्या वाफ्यांतला पैसा सुरुवातीला एकदाच लागतो, पुढे लागतं ते पाणी आणि कुणाची तरी रोजची मेहनत. बहुतेक अर्ज ही तिन्ही कामं एका रकान्यात टाकतात आणि खाली 'तीन वर्षांनंतर प्रकल्प स्वयंपूर्ण होईल' असं लिहून मोकळे होतात. अर्ज तपासणाऱ्याने हे वाक्य शेकडो वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी काय फिरणार, काय संपणार आणि संपणाऱ्या भागाचा पुढचा धनी कोण, हे तीन वेगळ्या परिच्छेदांत लिहा. 'मोफत जेवण कधीच स्वतःच्या पायावर उभं राहणार नाही' असं स्पष्ट लिहिल्याने अर्ज नाकारला जात नाही. उलट पुढचे आकडे विश्वासाने वाचले जातात.

भूक नेमकी कोणती?

पैसा मागण्याआधी हे कळायला हवं. काही घरांत पीक येण्याआधीचे दोन महिने ओढाताण असते आणि एरवी भागतं. काही घरांत वर्षभर पोट भरतं, पण ताटात नुसतं धान्य असतं. काही घरांत अन्न आहे, पण ते सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. पहिल्या प्रकाराला धान्य बँक लागू पडते, दुसऱ्याला भाजी-डाळ, आणि तिसऱ्याला यातलं काहीच थेट लागू पडत नाही.

हे शोधायला मोठ्या सर्वेक्षणाची गरज नाही. दोनशेपैकी चाळीस-पन्नास घरं चिठ्ठ्या टाकून निवडा. फक्त ओळखीची किंवा रस्त्यालगतची घेऊ नका. प्रत्येक घरात दोन गोष्टी विचारा. एक, गेल्या बारा महिन्यांत कोणत्या महिन्यांत घरात पुरेसं खायला नव्हतं? महिने मोजा आणि कोणते तेही लिहा. दोन, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची अन्न-असुरक्षितता प्रश्नावली घ्या. 'पुरेसं मिळेल का अशी काळजी वाटली का' इथून ती सुरू होते आणि 'दिवसभर काहीच न खाता राहावं लागलं का' इथे संपते. उत्तरं हो किंवा नाही, एका घराला पंधरा मिनिटं. एका माणसाची तीन-चार दिवसांची मेहनत आहे, आणि अर्जात तुमच्या वस्तीचे स्वतःचे आकडे येतात. देशपातळीची आकडेवारी उतरवून भरलेल्या पानभर मजकुरापेक्षा 'पन्नासपैकी पंधरा घरांत अमुक दोन महिने तुटवडा' या एका ओळीला जास्त वजन असतं.

मुलांच्या दंडाचा घेर मोजणार असाल तर एक गोष्ट आधी ठरवून ठेवा. सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या मुलाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण आहे आणि ते मूल त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पोचायला हवं. ११५ ते १२५ च्या मधल्या मुलांनाही तपासणीला पाठवायचं. पुढे पाठवायची सोय नसेल तर पट्टी हातात घेऊ नका. नुसत्या नोंदीसाठी मोजणं बरोबर नाही.

आणि मोजमापाचा महिना. पहिली पाहणी टंचाईच्या महिन्यात केली आणि शेवटची सुगीनंतर, तर काहीही न करता प्रकल्प यशस्वी दिसतो. उलट केलं तर चांगलं कामही फसलेलं दिसतं. तिन्ही वर्षं एकाच महिन्यात मोजा, आणि तो महिना अर्जातच लिहून टाका.

धान्य बँकेचं गणित

इथे जरा थांबून हिशोब करू, कारण बहुतेक धान्य बँका इथेच मरतात. समजा पाहणीत साठ घरांना दोन महिने तुटवडा दिसला. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलोच्या आतबाहेर धान्य लागतं, म्हणजे महिन्याला साठ किलो. बँकेने निम्मी गरज भागवायची ठरवली, तर घराला महिना तीस किलो, दोन महिन्यांचे साठ, आणि साठ घरांचे ३,६०० किलो. म्हणजे छत्तीस क्विंटल. पूर्ण गरज भागवण्याच्या फंदात पडू नका. साठ किलो घेतलेलं घर सुगीला परतफेड करू शकतं, एकशेवीस किलो घेतलेलं बहुधा नाही.

आता वाढी किती घ्यायची? दर क्विंटलमागे वीस किलो जास्त परत, असं धरा. नव्वद टक्के लोकांनी परतफेड केली तर ३६ × ०.९ × १.२ म्हणजे ३८.९ क्विंटल येतात. साठवणीत पाच टक्के गेले तर उरले ३६.९. वर्षभराच्या खटपटीनंतर वाढ एका क्विंटलचीही नाही. परतफेड ऐंशी टक्क्यांवर आली तर उरतात ३२.८, म्हणजे साठा एका वर्षात नऊ टक्क्यांनी आटला. पीक बुडालेल्या वर्षी परतफेड निम्मी झाली तर उरतात साडेवीस क्विंटल. सवाईने दिलं, म्हणजे पंचवीस टक्के वाढी घेतली, तर नव्वद टक्के परतफेडीला साडेअडतीस क्विंटल उरतात. त्यापुढे दर चढवला तर सावकारीत आणि बँकेत फरक राहत नाही, आणि सगळ्यात गरीब घर पहिल्यांदा बाहेर पडतं.

यातून अंदाजपत्रकासाठी दोन गोष्टी निघतात. बँकेच्या वाढीतून कायमचा पगारी भांडारपाल परवडत नाही. त्या एका क्विंटलात फार तर फाटकी पोती बदलून होतील. म्हणून बँक वर्षभर उघडी ठेवायची नाही. सुगीनंतर दहा-बारा दिवस जमा करायला आणि टंचाईत सात-आठ दिवस वाटपाला उघडायची, आणि मानधन तेवढ्याच वीस दिवसांचं धरायचं. दुसरी गोष्ट, सगळं भांडवल पहिल्या वर्षी खरेदीत घालू नका. पाऊण भाग पहिल्या सुगीला, आणि पाव भाग 'वाईट वर्षासाठी राखीव' म्हणून वेगळ्या खात्यात. ही रक्कम तीन वर्षांत लागलीच नाही तर ती बँकेच्या भांडवलात जाईल, हे देणगीदाराकडून लेखी घ्या. नाहीतर शेवटच्या महिन्यात 'न वापरलेली रक्कम परत करा' असं पत्र येतं आणि घाईघाईने नको ते विकत घेतलं जातं.

वाईट वर्षाचा नियमही आधीच लिहायचा. पीक निम्म्याच्या खाली गेलं तर त्या वर्षी वाढी माफ, आणि मुद्दल पुढच्या दोन सुगींत विभागून. 'माफ' आणि 'पुढे ढकलली' यात फरक आहे. एकदा मुद्दल माफ झालं की पुढच्या वर्षी चांगलं पीक आलेलं घरही माफीची वाट बघत बसतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यात १९७० च्या दशकातल्या दुष्काळानंतर देणगीच्या पैशावर भराभर धान्य बँका उभ्या राहिल्या आणि त्यातल्या कितीतरी काही वर्षांतच रिकाम्या झाल्या. उधारीवर दिलेलं धान्य परत आलं नाही, खरेदीचा पैसा सुगी उलटल्यावर पोचला, आणि कोठाराची किल्ली एकाच माणसाकडे राहिली. यातलं प्रत्येक कारण आजही जसंच्या तसं सापडतं. किल्लीचा उपाय अगदी स्वस्त आहे: दोन कुलपं, दोन वेगळ्या घरांत दोन किल्ल्या, आणि वाटपाच्या दिवशी भिंतीवर थकबाकीदारांसकट पूर्ण यादी. यादीत समितीच्या सदस्यांची नावं सगळ्यात वर ठेवा.

आणखी एक चूक फार नुकसान करते. त्याच गटाने त्याच काळात मोफत धान्यवाटप करायचं नाही. एका हाताने फुकट आणि दुसऱ्या हाताने उसनं देणाऱ्याचं उसनं कुणी फेडत नाही. ज्यांना परतफेड झेपणारच नाही, एकटे वृद्ध, अपंग, नुकतंच कमावतं माणूस गेलेलं घर, त्यांना बँकेचं कर्ज देऊ नका. त्यांच्यासाठी स्वयंपाकघर आहे. नाव तिथे घाला.

पैसा फिरवण्याची वेगळी रीत पाहायची असेल तर तेलंगणातल्या झहीराबाद भागाकडे बघा. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनी १९९० च्या दशकात पडीक राहिलेल्या जमिनींच्या मशागतीसाठी छोट्या शेतकऱ्यांना उचल दिली. फेड पैशात नाही, धान्यात घेतली, आणि तीही काही वर्षांच्या हप्त्यांत. त्या धान्याचा गावातच साठा झाला, टंचाईत गरीब घरांना तो कमी दरात मिळाला, आणि कोणती घरं गरीब हे गावानेच ठरवलं. एकाच रकमेने जमीन लागवडीखाली आणली, कोठार भरलं आणि पुढची उचलही दिली. तुमच्या वस्तीत जमीन असलेली पण भांडवल नसलेली घरं असतील तर बाजारातून छत्तीस क्विंटल विकत घेण्याआधी या पद्धतीचा विचार करा.

कोठार बांधू नका

छत्तीस क्विंटल म्हणजे पन्नास किलोची बहात्तर पोती. सहा-सहाची थप्पी लावली तर बारा थप्प्या, म्हणजे साधारण सहा चौरस मीटर जागा. भिंतीपासून अर्धा मीटर अंतर आणि माणसाला वावरायला वाट धरून चार बाय चार मीटरची कोरडी खोली भरपूर झाली. तरी दर दुसऱ्या अर्जात गोदामाचं बांधकाम असतं आणि ते निम्मं अंदाजपत्रक खातं. बांधकामाचा फोटो छान येतो, एवढंच. खोली भाड्याने किंवा वापरायला घ्या, छप्पर दुरुस्त करा, उंदीर शिरू नये म्हणून दाराच्या खालच्या भागाला पत्रा मारा आणि खिडकीला बारीक जाळी लावा. पोती जमिनीवर न ठेवता वीतभर उंच लाकडी फळ्यांवर ठेवा.

खरा खर्च ओलाव्यावर लक्ष ठेवण्याचा आहे. धान्य बारा-तेरा टक्के ओलाव्याला साठवायचं. चौदाच्या वर ते गरम व्हायला लागतं, मग बुरशी. ओलावामापक यंत्र घेता आलं तर उत्तम. नसेल तर मिठाची चाचणी पुरते: झाकणाची पूर्ण कोरडी काचेची बाटली घ्या, एक तृतीयांश धान्याने भरा, दोन-तीन मोठे चमचे पूर्ण वाळवलेलं मीठ घाला, मिनिटभर जोरात हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे, धान्य परत उन्हात. चिकटलं नाही तर पंधराच्या खाली आहे एवढंच कळतं, बारा आहे असं नाही. म्हणून आणखी एक दिवस ऊन दिलेलं बरं. परतफेडीत येणारं धान्य दारातच तपासा. एक ओलं पोतं शेजारची चार खराब करतं, आणि ओल्या धान्याचं वजन जास्त भरतं हे देणाऱ्याला चांगलं माहीत असतं.

किडीसाठी हवाबंद पिशव्या मिळत असतील तर त्या अंदाजपत्रकात जरूर घाला. आत धान्य आणि किडे श्वास घेतात, प्राणवायू पाच टक्क्यांच्या खाली उतरतो आणि सोंडे-टोके औषधाशिवाय मरतात. अट एकच: पिशवीला भोक नको आणि मधूनमधून तोंड उघडायचं नाही. थोडं-थोडं काढायचं धान्य वेगळ्या साध्या पोत्यात ठेवा.

स्वयंपाकघर: ताटाचा खरा खर्च

मोठ्या माणसाच्या एका जेवणाला कच्चं धान्य १२० ग्रॅम, डाळ ४० ग्रॅम, भाजी १०० ते १५० ग्रॅम आणि तेल दहा ग्रॅम धरलं तर साधारण ६५० ते ७०० किलोकॅलरी होतात. आपत्कालीन मदतीचं नियोजन माणशी दिवसाला २,१०० किलोकॅलरी धरून करतात, म्हणजे हे जेवण एक तृतीयांश झालं. शंभर ताटांना बारा किलो धान्य, चार किलो डाळ, दहा ते पंधरा किलो भाजी, एक किलो तेल.

अर्जात 'एका ताटाचा खर्च' लिहिताना लोक एवढ्याच किराण्याचा हिशोब करतात. इंधन, पाणी, स्वयंपाक करणाऱ्यांचं मानधन, भांडी घासणं, वाहतूक, वर्षाला बदलावी लागणारी भांडी, रोज उरणारी पाच-सात ताटं, हे सगळं धरा. किराणा एकूण खर्चाच्या निम्म्याच्या आसपास येईल, फार तर साठ टक्के. 'स्वयंपाक स्वयंसेवक करतील' हे वाक्य पहिल्या तीन-चार महिन्यांपुरतंच खरं असतं. नंतर येतात त्या दोनच बायका, आणि त्याही बहुधा स्वतः गरजू घरातल्या. त्यांना पहिल्या दिवसापासून मानधन द्या. भूक कमी करायच्या प्रकल्पाने गरीब बाईचं काम फुकट घेणं मला तरी पटत नाही.

शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत वाढायचं. जास्त वेळ ठेवायचं असेल तर साठ अंशांच्या वर गरम राहायला हवं, म्हणून तापमापकाचा खर्च यादीत हवा. प्रत्येक पदार्थाचा नमुना झाकून थंड जागी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. कुणाला उलट्या झाल्या तर नमुना नसलेल्या स्वयंपाकघराला काहीच सिद्ध करता येत नाही.

भाजी: अपेक्षा कमी ठेवा, पाणी जास्त मोजा

जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ४०० ग्रॅम फळं-भाज्या सुचवते. पाच जणांच्या घराला वर्षाचे ७३० किलो झाले. वीस चौरस मीटरचा वाफा चांगली निगा राखली तर वर्षाला साठ-ऐंशी किलो देईल, म्हणजे गरजेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. यातून भूक जात नाही, ताटात हिरवं काहीतरी येतं. अर्जात तेवढंच म्हणा, आणि मोजमापही तसंच ठेवा: पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांनी काल दिवसभरात दहापैकी किती अन्नगटांतलं खाल्लं. पाच किंवा जास्त गट खाणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं का, ते पाहा.

आता पाणी. कडक उन्हात चौरस मीटरला दिवसाला पाच लिटर लागतात. वीस चौरस मीटरला शंभर लिटर. दोनशे घरांनी वाफे केले तर रोज वीस हजार लिटर. ते येणार कुठून आणि डोक्यावरून कोण आणणार? पावसाळ्यात सुरू झालेले बहुतेक वाफे उन्हाळ्यात याच कारणाने करपतात आणि अहवालात मात्र वाटलेल्या बियाण्यांची पाकिटं मोजली जातात. बियाण्याला किरकोळ पैसा लागतो. पाण्याच्या टाकीला, सांडपाणी वळवायच्या नळीला, आच्छादनाला पैसा ठेवा. दोनशे वाफ्यांऐवजी पाणी असलेली पन्नास घरं निवडलीत तरी चालेल. सामायिक जमीन असेल तर किमान तीन वर्षांचा लेखी करार हातात आल्याशिवाय मातीवर खर्च करू नका. माती सुधारली की मालकाला जमिनीची आठवण येते.

स्थानिक पुरवठा कसा बळकट होतो? आठवड्यातले तीन दिवस शंभर-शंभर ताटं धरली तर तुमच्या स्वयंपाकघराला आठवड्याला साधारण चाळीस किलो भाजी लागते, म्हणजे वर्षाला दोन टन. सहा-सात जणांनी शंभर-शंभर चौरस मीटरवर, दर पंधरा दिवसांनी टप्प्याटप्प्याने पेरणी केली तर ती भागू शकते. त्यांच्याशी खरेदीचा करार करा: त्या दिवसाचा बाजारभाव, पण ठरवलेल्या किमान दराच्या खाली नाही, आणि पैसे सात दिवसांत. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. छोटा उत्पादक दर थोडा कमी चालवून घेतो, दीड महिना थकलेलं बिल नाही. खात्रीचं गिऱ्हाईक हे अनुदानापेक्षा टिकाऊ असतं. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय आहारासाठीच्या केंद्रीय निधीतला किमान तीस टक्के भाग कुटुंबशेती करणाऱ्यांकडून खरेदीला राखून ठेवला. तुमच्या भागात शाळा, रुग्णालय किंवा वसतिगृहाची खरेदी होत असेल, तर तिसऱ्या वर्षी या सहा-सात जणांना त्या दारात नेऊन उभं करणं हेच प्रकल्पाचं 'पुढे काय'चं उत्तर आहे. त्यासाठी लागणारी नोंदणी, वजनकाटे आणि पावतीपुस्तकं दुसऱ्याच वर्षी तयार ठेवा.

हप्ते, आपला हिस्सा, हिशोब

वर्षाचं अंदाजपत्रक जुळलं म्हणजे झालं असं नाही. महिन्यांचं जुळतं का ते बघा. समजा पहिल्या वर्षाचे शंभर भाग आहेत. दरमहा चालू खर्च पाच, पहिल्या महिन्यात साहित्य बारा, चौथ्या महिन्यात धान्यखरेदी अठ्ठावीस. देणगीदार तिमाहीला पंचवीस देतो. तिसऱ्या महिन्याअखेर तुम्ही दोनने तुटीत, चौथ्याअखेर दहाने, सहाव्याअखेर वीसने. वर्षअखेर हिशोब बरोबर शून्य. कागदावर सगळं ठीक, प्रत्यक्षात सुगीला खरेदी झालीच नाही, आणि नंतर चढ्या भावात झाली. तेच शंभर भाग पहिल्या, चौथ्या आणि सातव्या महिन्यात ५०-२५-२५ असे मागितले तर एकदाही तूट येत नाही. पहिला हप्ता साठ मागितला तर दुसरा महिनाभर उशिरा आला तरी खरेदी हुकत नाही. हा बारा महिन्यांचा तक्ता अर्जाला जोडा. हप्त्यांची मागणी त्यामुळे आपोआप समजावली जाते. 'आधी खर्च करा, मग बिलं देऊन परतावा घ्या' अशी योजना असेल तर हाताशी किमान चार महिन्यांचा खर्च असल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका.

बरेच निधी तुमच्याकडूनही हिस्सा मागतात. अमेरिकेचा सामुदायिक अन्न प्रकल्पांसाठीचा केंद्रीय निधी १९९६ च्या शेती कायद्यातून आला. त्यात सरकार जेवढं देईल तेवढाच हिस्सा अर्जदाराने उभा करायचा असतो, मात्र तो वस्तू-सेवांच्या रूपातही चालतो, आणि मदत एकदाच मिळणार हे धरूनच प्रकल्प आखायचा असतो. तुमच्याकडे खोली, श्रम, वाहन, जमीन हे सगळं हिस्सा म्हणून दाखवता येतं, पण त्याचे कागद हवेत: खोलीमालकाचं पत्र, श्रमाची रोजची सही, आणि त्या कामाचा तिथे चालतो तोच मजुरीदर. महिनाअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेलं हजेरीपत्रक लेखापरीक्षक पाच मिनिटांत ओळखतो. एकच खोली दोन देणगीदारांकडे हिस्सा म्हणून दाखवली गेली तर दोन्ही निधी अडकतात.

हिशोबनीस आणि लेखापरीक्षण मिळून आठ-दहा टक्के ठेवा, पाहण्यांना पाच टक्के, अनपेक्षित खर्चाला पाच. हे आकडे लाजून कमी करू नका. यातला पैसा वाचवलेले प्रकल्प दुसऱ्या वर्षाच्या अहवालापाशी अडतात. आणि एका खर्चशीर्षातून दुसऱ्यात दहा-पंधरा टक्के रक्कम न विचारता वळवायची मुभा मागा. पाऊस तुमचं अंदाजपत्रक वाचून पडत नाही.

गट नोंदणीकृत नसेल तर दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातून निधी घेता येतो. तिची सेवा-आकारणी किती टक्के, हप्ता आल्यावर किती दिवसांत तुमच्याकडे येणार, आणि विकत घेतलेल्या धान्यावर मालकी कुणाची, या तीन गोष्टी करारात हव्यात. तिसरी बहुतेक वेळा राहून जाते. छत्तीस क्विंटल धान्य कागदोपत्री त्या संस्थेचं असेल तर तिसऱ्या वर्षाअखेर ती ते उचलून नेऊ शकते. म्हणून साठा, वजनकाटे, पिशव्या आणि राखीव रक्कम तीन वर्षांनंतर वस्तीच्या धान्य समितीकडे जाईल, असा ठराव देणगीदार, यजमान संस्था आणि समिती अशा तिघांच्या सह्यांनी करा. तो पहिला हप्ता खात्यात येण्याआधी व्हायला हवा. नंतर सह्या मिळवणं कठीण जातं.